वाचकांचे प्रश्न : बर्नार्ड हायटिंक आणि हातचे राखून केलेले संचालन

प्रश्न : नेदरलँड्सचे वाद्यवृंदसंचालक बर्नार्ड हायटिंक यांच्या एका मैफलीचे चित्रीकरण नुकतेच पाहिले. शंभरेक वादक समोर असताना हे गृहस्थ फारशी हालचालही करत नाहीत. तरीही त्यांची गणना थोर संचालकांत का होते आणि अशा संकोची माणसाकडे इतके मोठे पद आले तरी कसे?

उत्तर : पद आधी आले आणि थोरवी मागाहून सिद्ध झाली, म्हणून पदाचे आधी सांगतो. ॲमस्टरडॅममध्ये ४ मार्च १९२९ रोजी जन्मलेले हायटिंक मुळात व्हायोलिनवादक होते. नेदरलँड्सच्या रेडिओने तरुण संचालकांसाठी चालवलेल्या वर्गात त्यांनी फेर्डिनांड लाइटनर या जर्मन संचालकाकडे धडे घेतले आणि १९५७ मध्ये ते रेडिओच्याच फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे मुख्य संचालक झाले. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, इटालियन संचालक कार्लो मारिया जुलिनी ऐनवेळी येऊ न शकल्यामुळे संगीतकार केरुबिनीच्या 'रेक्विएम'साठी (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) ॲमस्टरडॅमच्या विख्यात कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदापुढे ते प्रथमच उभे राहिले. त्यानंतर एप्रिल १९५९ मध्ये या वाद्यवृंदाचे प्रमुख एडुआर्ड फान बाइनम यांचा तालीम चालू असतानाच मृत्यू झाला आणि १९६१ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हायटिंक यांच्याकडे प्रमुखपद आले. अनुभवी जर्मन संचालक ऑयगेन योखुम यांना सुरुवातीची काही वर्षे त्यांच्या जोडीला दिले होते, यावरून व्यवस्थापनाच्या मनातली धाकधूक ओळखता येते.

ती अनाठायी नव्हती. याच व्यासपीठावर संचालक विलेम मेंगेलबर्ग यांनी १८९५ पासून १९४५ पर्यंत एकछत्री राज्य केले होते. ऑस्ट्रियन संगीतकार माहलरला त्यांनी त्याच्याच सिंफनींचे (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या दीर्घ रचनांचे) संचालन करायला ॲमस्टरडॅमला बोलावले होते, त्यामुळे माहलरचे संगीत तिथल्या वादकांच्या अंगवळणी पडलेले होते. जर्मन अमलाच्या काळातील वर्तनामुळे युद्धानंतर मेंगेलबर्ग यांच्यावर संचालनबंदी आली खरी, पण त्यांनी घालून दिलेले मापदंड कायम राहिले. त्यातून वाद्यवृंदाच्या कॉन्सर्टखेबाउ या सभागृहाची रचना अशी की संचालकाला वादकांच्या मागून, श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत, लांबलचक जिना उतरून व्यासपीठावर यावे लागते. बुजऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती असेल?

आता हालचालींविषयी. ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीचा आरंभ ऐकावा. व्हायोलिनांची अतिशय हलक्या आवाजातली थरथर सुरू होते आणि तिच्याखालून चेलोंची (व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या, खर्जातल्या वाद्यांची) दीर्घ धून वर चढत जाते. तासाभराहून अधिक चालणाऱ्या या रचनेत संगीत पुन्हापुन्हा शिखराकडे झेपावते आणि मागे फिरते; पहिल्याच चढावर संचालकाने सगळा जोर खर्च केला, तर पुढच्या शिखरांसाठी शिल्लक काहीच उरत नाही. हायटिंक यांचे सामर्थ्य या हिशेबात होते. उजव्या हाताने स्पष्ट ताल, डाव्या हाताची मोजकी खूण आणि वादकांवर खिळलेली नजर एवढ्यावर ते एका शिखराकडून दुसऱ्याकडे अशी वाट काढत की मधला वेळ रेंगाळल्यासारखा वाटत नसे. उतारवयात ते स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नला तरुण संचालकांना शिकवत, तेव्हाही वादकांच्या कामात लुडबूड करू नका, असेच बजावत. माझ्या मते चित्रीकरण पाहण्यापेक्षा डोळे मिटून ऐकल्यास त्यांची कामगिरी अधिक चांगली उमगते. क्वचित, विशेषतः आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत, हा संयम थोडा कोरडा वाटतो, हेही नमूद केले पाहिजे.

प्रश्न : त्यांच्या मैफलीत तरुण संगीतकारांनी खेळणी वाजवून गोंधळ घातला होता, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी लुई आंड्रीसेन, पेटर स्खाट, राइनबर्ट दे लेऊ आदींनी टिकटिक वाजणारे खेळण्यातले बेडूक आणून मैफल बंद पाडण्याचा प्रयत्न केला आणि वाद्यवृंदाच्या कार्यक्रमधोरणावर तिथल्या तिथे जाहीर चर्चेची मागणी केली. त्यांना सभागृहाबाहेर काढण्यात आले. नव्या संगीताला पुरेसे स्थान मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संचालक म्हणून हायटिंक त्यांच्या तडाख्यात सापडले.

प्रश्न : पुढे ॲमस्टरडॅमशी त्यांचे बिनसले का?

उत्तर : संबंध ताणले गेले, पण वादकांशी नव्हे. १९८०च्या दशकाच्या आरंभी सरकारी अनुदानातील कपातीमुळे तेवीस वादकांच्या नोकऱ्या जाण्याची वेळ आली, तेव्हा असे झाल्यास आपण या वाद्यवृंदाचे पुन्हा कधीही संचालन करणार नाही, असा इशारा या मितभाषी माणसाने दिला आणि अखेर ती कपात टळली. १९८८ मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले, तोवर लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसची संगीतविषयक जबाबदारी त्यांच्याकडे आलेली होती. तिथे ते २००२ पर्यंत होते. त्यानंतर ड्रेसडेन आणि शिकागो येथील वाद्यवृंदांचेही त्यांनी नेतृत्व केले. अखेरची मैफल नव्वदाव्या वर्षी, ६ सप्टेंबर २०१९ रोजी, ल्युसर्नमध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह झाली. त्या दिवशी बेथोवनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्तोनंतर (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) त्यांनी ब्रुकनरची हीच सातवी सिंफनी निवडली होती. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.