पाण्याची भरलेली बाटली

प्रश्न : बाई, आम्ही मिरजेचे. माझे मिस्टर तानपुरे बनवायच्या कामावर आहेत. मुलगा आठवीत. बोलणं हळू, चालणं नाजूक, केस थोडे वाढवलेत, मुलींच्यात रमतो. वर्गातली पोरं 'बायल्या' म्हणतात, आमच्या धर्मावरूनही टोमणे मारतात. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत त्याला मुलींच्या मुतारीत ढकलून बाहेरून कडी लावली. तेव्हापासून तो शाळेत पाणी पीत नाही, बाटली भरलेलीच घरी येते. मुख्याध्यापकांनी पालकांची मीटिंग बोलावली. एकजण म्हणाले, "तुमच्या धर्मात तर हे चालतच नाही ना?" आमचेच एक चुलते म्हणाले, शाळेनं बिघडवलं. दीड तास नुसता वाद. शेवटी ठरलं काय, तर त्यानं केस कापावेत. शाळा बदलू का? आणि बाई, माझा मुलगा 'तसा' आहे का?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेते. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही ते आजच कळायला हवं असं काही नाही. त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल. तोवर त्याला खोदून विचारू नका.

मला टोचली ती बाटली. साताऱ्यात मी ज्या रस्त्यानं भाजीला जाते, त्या राजवाड्यापाशी ती शाळा आहे, जिच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा आंबेडकर हे नाव चढलं. बसायला वेगळं गोणपाट, आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी, असं बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. दरवर्षी त्या तारखेला आपण विद्यार्थी दिन साजरा करतो, भाषणं होतात. आणि मिरजेत एक पोर दिवसभर तहानलेलं बसतं.

दीड तासाच्या मीटिंगमध्ये कडी कोणी लावली, हे एकानंही विचारलं नाही! धर्म झाला, संस्कृती झाली, केस झाले. आपल्याकडे यल्लम्माचा जोगता लुगडं नेसून परडी घेऊन दारात आला तर हीच माणसं वाकून नमस्कार करतात, ते असो. पोराचं चालणं योग्य की अयोग्य यावर गावाचं एकमत कधीच व्हायचं नाही, आणि शाळेनं त्याची वाट बघायचीही नाही. कडी लावणं चूक, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होऊ शकतं.

मी काही फार शहाणी नव्हते. 1996 साली मी शिकवायचे त्या वर्गात असाच एक मुलगा होता. फळ्यापाशी आला की पोरं हसायची. एकदा मीच सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, जरा पोरासारखा चाल की." वर्ग खो-खो हसला, मीही हसले. त्यानं खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. नववीनंतर तो शाळेत आला नाही. कारण कोणी विचारलं नाही, मीही नाही.

आता कामाचं. सोमवारी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात 'संस्कृती', 'तसा', 'भावना दुखावल्या' यातलं काही नको. तारीख, वेळ, जागा, कोणी ढकललं, किती वेळ आत होता, कोण काय शब्द बोललं, धर्मावरचे टोमणे जसेच्या तसे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. तोंडी तक्रारीचं काय होतं ते तुम्ही बघितलंच. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. लोकांना वाटतं तो कॉलेजपुरता, पण त्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी कुठलीही संस्था येते. लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करणं प्रमुखावर बंधनकारक आहे, आणि टाळाटाळ केली तर त्याचीच त्या प्रकाराला फूस होती असं धरलं जातं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करतं. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, 2022 च्या शासन निर्णयानुसार. तिचे सदस्य कोण, तेही विचारा. दाद लागलीच नाही तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे.

कडी लावणाऱ्या पोरांना शाळेतून काढा असं मात्र म्हणू नका. 'बायल्या' हा शब्द ती घरातूनच शिकून आलीत. त्यांच्या आईबापांना एकेकटं बोलवायला सांगा, पुन्हा सगळ्यांची मीटिंग नको.

केसांचं म्हणाल, तर कडी ज्याच्यावर लागली त्यालाच दंड, हा कुठला न्याय? शाळेचा केसांचा नियम सगळ्या मुलांना सारखा लागू असेल तर ते वेगळं बोलू. या प्रकरणाचा निकाल म्हणून कापू नका. शाळा बदलायची की नाही हे पोराला विचारा. तो 'जातो' म्हणाला तर न्या, त्यात हार नाही. पण पोच हातात आल्याशिवाय दाखला मागू नका.

आणि अर्ज देताना मुख्याध्यापकांना एवढंच विचारा : उद्यापासून मधल्या सुट्टीत मुतारीपाशी कोण उभं राहणार? "बघतो" चालणार नाही, नाव घ्या. मग रोज संध्याकाळी दप्तरातली बाटली उचलून बघा, किती हलकी झालीय ते.