पाच किलो मसाल्यामागे पन्नास रुपये

"मॅडम, सगळे म्हणतात तुमचा मसाला विकायला काढा. तीन लाखांचं यंत्र घ्यायचंय. दागिने गहाण ठेवू का?"

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी बसल्या बसल्याच हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.) असा प्रश्न माझ्याकडे कोणी ना कोणी घेऊन येतंच, कधी लोणच्याचा, कधी भाजणीचा. ताईंचा होता कांदा-लसूण मसाला. त्यांनी डबी उघडली आणि खोलीभर वास पसरला. वर हिंगाचा खडा ठेवलेला होता.

मी म्हटलं, "दागिने राहू द्या. मागच्या वेळी पाच किलो केलात ना, त्याचा हिशेब सांगा."

मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे, खडा मसाला, तेल मिळून 2,550 रुपये. डंकावर कुटायचे 200, गॅस 120, पिशव्या आणि लेबलं 80. एकूण 2,950. विकला 600 रुपये किलोने, म्हणजे हातात आले 3,000.

"मग तुमचे किती उरले?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. देठं खुडणं, कांदा उन्हात वाळवणं, खोबरं मंद आचेवर भाजणं, तीन दिवसांत मिळून चौदा तास. त्याचे पन्नास रुपये. "घरचंच काम ना ते," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटतं, खरी अडचण इथेच असते. भांडवल, परवाने हे सगळं नंतरचं. छोट्या खाद्यउद्योगाची एफएसएसएआय (सरकारचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी ऑनलाइन होते, फी वर्षाला 100 रुपये, आणि मिळालेला 14 आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. ते काम त्यांनी मुलाला बसवून करून घेतलं. पण स्वतःच्या हाताला किंमत लावताना त्यांची जीभ अडखळत होती. मी त्यांना लिज्जतबद्दल सांगितलं. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आजही तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला किलोमागे मजुरी मिळते. लाटणं घरात होतं म्हणून ते फुकट धरत नाहीत.

मग आम्ही वहीत नवी ओळ घातली: माझी मजुरी, चौदा तास, तासाला 60, म्हणजे 840. किलोचा खर्च झाला 758. दुकानदार विक्रीवर वीस टक्के कमिशन मागत होता, म्हणून भाव ठरला 1,000. ताईंना घामच फुटला. "नणंदेला कसं सांगू?"

"नणंदेला भेट द्या. पण भेटीचा मसाला वहीत वेगळा लिहा."

यंत्राचा विषय तीन महिने बाजूला ठेवला. तोवर वीस अनोळखी घरांत पाव किलो, पूर्ण भावाने द्यायचा आणि दुसऱ्यांदा कोण मागतं ते बघायचं. ओळखीचे लोक तोंडावर वाईट म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्या कौतुकावर कर्ज काढू नये असं माझं ठाम मत आहे.

मध्ये एक घाणा बिघडला. पावसाळी हवा होती. कांद्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तो नीट कुरकुरीत झाला नव्हता आणि मसाला कोमट असतानाच भरला गेला. दोन आठवड्यांत गुठळ्या धरल्या, वास बदलला. त्या फोनवर रडल्या. मग त्यांनी सगळ्या पिशव्या परत आणल्या, पैसे दिले आणि कांदा वाळवण्याचं काम मार्च ते मे एवढंच ठेवायचं ठरवलं. त्या पैसे परत करायला गेल्या, तेव्हा दोन घरांनी पुढच्या घाण्याची मागणी नोंदवली.

वीसपैकी अकरा घरांनी पुन्हा घेतला. यंत्र अजून घेतलेलं नाही. डंकवाल्याकडे मंगळवारची सकाळ ठरवून घेतली आहे. परवा त्या वही घेऊन आल्या होत्या. खर्चात मिरचीच्याही वर, पहिल्याच ओळीत, लाल शाईने लिहिलं होतं: माझी मजुरी.