जुनं घर पाडताय? जेसीबी शेवटी बोलवा

प्रश्न : सांगलीच्या गावभागातलं जुनं घर पाडून त्याच जागी नवीन आरसीसी घर बांधायचंय. मागच्या भिंती मातीच्या जोडकामातल्या आहेत, पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या असून वर स्लॅब आहे, पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत. ठेकेदार म्हणतो, जेसीबीनं दोन दिवसांत पाडू आणि राडारोडा ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकू. यातलं काही नव्या कामात वापरता येईल का?

उत्तर : ओढ्याला ठाम नकार द्या. 2005 आणि 2019 चा पूर पाहिलेल्या सांगलीत पाण्याची वाट बुजवणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. जेसीबी लागेलच, पण शेवटी. त्यानं भिंत ओढली की वीट, माती, लाकूड सगळं कालवलं जातं आणि मग ते कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

वीज-पाणी तोडून आधी दारं-खिडक्या काढा, मग पत्रे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरा. त्याची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून पाणी मारून, हुक कापून पत्रा अख्खा उतरवा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळा ठेवा. तो फोडून भरावात घालू नका.

खरी कमाई मागच्या भिंतीत आहे. वरून खाली, थराथरानं पहारीनं उतरवलं तर मातीतली वीट बहुतेक अख्खी निघते. आजच्या मापानं एक ब्रास (100 घनफूट) वीटकामात सुमारे 1,400 विटा बसतात, त्यावरून हिशेब करा. सिमेंटातली वीट सांध्यात न सुटता मधेच तुटते, तिच्यामागे मजुरी घालवू नका. दोन विटा एकमेकींवर वाजवा, आवाज खणखणीत हवा. शंका असेल तर कोरडी वीट तोलून 24 तास पाण्यात ठेवा. 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली तर ती तुकड्यांच्या ढिगात. जोत्याजवळच्या, पांढरा लोणा आलेल्या विटाही तिकडेच, नाहीतर नवा गिलावा पोपडे धरून सुटतो. उरलेल्या चांगल्या विटा आतल्या आडभिंतींना आणि कंपाउंडला वापरा.

लोणा नसलेले तुकडे दीड इंचाचे करून फरशीखालच्या 1:4:8 काँक्रीटमध्ये (1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू, 8 भाग खडी) खडीच्या जागी चालतात. आदल्या रात्री भिजवाच. कोरडी वीट सिमेंटचं पाणी ओढते आणि थर भुसभुशीत राहतो. कॉलम, बीम, स्लॅबला मात्र मुळीच नको. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनं एम-25 ताकदीपर्यंतच्या आरसीसीत जुन्या काँक्रीटची 20 टक्के खडी चालवून घेतली आहे, पण ती क्रशरमधून काढून तपासलेली. घणानं फोडलेला तुमचा स्लॅब सोलिंगला, म्हणजे फरशीच्या काँक्रीटखालच्या दगडांच्या थराला घाला. त्यातली सळई सरळ करून पुन्हा वापरू नका, भंगारात द्या.

बाकीचा राडारोडा जोत्याच्या भरावात घाला: 6-6 इंचांचे थर, मोठ्या तुकड्यांच्या फटीत बारीक चुरा, पाणी आणि धुम्मसानं ठोकणं, याच क्रमानं. एकदम भरलं की फरशी वर्षभरात खचते. पाया खणताना निघालेली काळी माती तिथे नको, ती ओली झाली की फुगते आणि फरशी उचलते. पीओपी आणि लाकडाचे तुकडेही वेचून काढा. पीओपी ओलीत सिमेंट खातं, लाकडाला वाळवी लागते.

उरलेल्याचा अंदाज घेताना उभ्या भिंतीच्या एका ब्रासचा ढीग साधारण दीड ब्रास होतो हे धरा. वॉर्ड कार्यालयात राडारोड्याची ठरलेली जागा विचारून घ्या. ठेकेदाराच्या करारात वेगळं करण्याची मजुरी स्वतंत्र लिहा आणि प्रत्येक खेप कुठे रिकामी झाली त्याची पावती मिळाल्यावरच वाहतुकीचे पैसे द्या.