साइटवरची मुलं आणि शाळेचा पट

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारी इमारतीचं काम चालू आहे. मजुरांची नऊ-दहा मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळत असतात. त्यांतल्या आठ वर्षांच्या एका मुलीला नीट ऐकू येत नाही. आम्ही पाच-सहा जणी दप्तरं वाटून रविवारी वर्ग घ्यायचं म्हणतोय. आणखी काय करता येईल? — एक वाचक, धायरी

उत्तर : दप्तरं थांबू देत. आधी एक वही घ्या आणि आईबाप कामावरून परतले की पत्र्याच्या खोल्यांवर जा. नाव, अंदाजे वय, गाव, कितवीपर्यंत शाळा, इथलं काम आणखी किती महिने, आणि घरात लहान भावंड आहे का, एवढं लिहा. शेवटचा प्रश्न गाळू नका. दहा वर्षांची मुलगी शाळेत न जाण्याचं कारण पुष्कळदा तिच्या कडेवरच असतं. ५०हून जास्त बायका कामाला असतील तर साइटवर पाळणाघर हवं, असं १९९६चा बांधकाम कामगार कायदा सांगायचा; २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. छोट्या साइट त्यातून सुटायच्या. भावंड तीन वर्षांपुढचं असेल तर अंगणवाडी गाठा. त्याहून लहान असेल तर शाळेच्या वेळेपुरत्या तुम्हीच पाळ्या लावा. रविवारच्या वर्गापेक्षा याची गरज जास्त आहे.

मग जवळची महापालिकेची शाळा. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही किंवा जून उलटून गेला, यांपैकी कशासाठीही २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश नाकारता येत नाही. 'आधी कागद आणा' असं ऐकावं लागलं तर नकार लेखी मागा. बहुतेकदा तिथेच काम होतं. वर्ग वयाप्रमाणेच मागा. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं की तो लाजतो आणि पंधरवड्यात गळतो. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला कायद्यात विशेष प्रशिक्षण आहे. तुमचा वर्ग त्याला जोड म्हणून रोज तासभर घ्या. स्लॅब टाकून झाले की कुटुंब दुसऱ्या साइटवर हलतं, म्हणून मुकादमाला आठवडाभर आधी कळवायला सांगून ठेवा. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्र घ्या, म्हणजे पुढच्या शाळेत पहिल्यापासून सुरुवात नको.

त्या मुलीचे कान आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. नुसता मळ किंवा वाहणारा कानही निघतो. तसं नसेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात श्रवणचाचणी आणि स्वावलंबन पोर्टलवर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज. श्रवणयंत्र अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळू शकतं, पण खरी अडचण त्यानंतर येते. बटणाएवढा सेल आठवडा-दोन आठवडे चालतो, आणि वरची चिकटपट्टी काढली की यंत्र वापरा, न वापरा, तो उतरतच जातो. मुलीचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारतं, वर्ग हसतो आणि यंत्र पत्र्याच्या पेटीत जातं. दप्तरांचे पैसे सेल आणि नव्या साच्यासाठी ठेवा. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला शिकवा. बाईंना एकच विनंती करा : मुलीला पुढच्या बाकावर बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

प्रश्न : एखाद्या मुलानं नको त्या स्पर्शाचं सांगितलं तर? आणि देणगीदारांना फोटो पाठवावेत का? — त्याच गटातून

उत्तर : शांतपणे ऐका, खोदून विचारू नका. त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करा किंवा थेट पोलिसांकडे जा. मुलाला ठाण्यात बसवून जबाब घेत नाहीत. तो घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय घेतात. ज्याच्याबद्दल बोट दाखवलंय त्याला आपण जाब विचारायला गेलात, तर पुरावा जातो आणि कुटुंब रातोरात साइट सोडतं.

फोटोत चेहरा, नाव, साइटची पाटी काही नको. वहीवर लिहिणारे हात देणगीदाराला पुरेसे आहेत.