स्विमिंग पूलची टाकी उचलली गेली, शेजाऱ्याची भिंत तडकली: आता आधी काय?

प्रश्न थोडक्यात असा: एका वाचक ताईंनी बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत स्पासह (म्हणजे गरम पाण्याच्या छोट्या कुंडासह) स्विमिंग पूल बांधायला दिला. कोटेशनवर दोघांच्या सह्या आहेत, मुदत ठरलेली आहे आणि तीन चतुर्थांश रक्कम देऊन झाली आहे. काँक्रीटची टाकी ओतल्यावर काम रेंगाळलं. पावसाळ्यात रिकाम्या टाकीचा खोल बाजूचा कोपरा वर उचलला गेला, पूल आणि स्पा यांच्या जोडावर भेग पडली आणि शेजाऱ्यांच्या कंपाउंड वॉलला तडे गेले. आता टाकीत पावसाचं पाणी साठलं आहे. शेजाऱ्यांची वकिलामार्फत नोटीस आली आहे, नगरपालिकेनेही परवानगी घेतली होती का, असं पत्राने विचारलं आहे. कंत्राटदार म्हणतो, "पाऊस काही माझ्या हातात नाही, जादा कामाचे पैसे दिले तरच येतो." दुसरा कंत्राटदार सोमवारपासून टाकी फोडून नव्याने बांधायला तयार आहे. फोडू का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सोमवारी टाकी फोडू नका. पुढच्या काही आठवड्यांत कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर होतं, यावर तुमचे पैसे परत मिळणं बरंचसं अवलंबून आहे. चिडून उचललेलं एक पाऊल तुमचा चांगला दावा कमकुवत करू शकतं.

सर्वात आधी कोर्टाचा नव्हे, तर जिवाचा विचार करा. अर्धवट टाकीत पाणी साठलं आहे आणि शेजारच्या मुलांचा चेंडू अधूनमधून तिकडे येतो, असं तुम्ही लिहिलं आहे. हे वाचून मला काळजी वाटली. आजच चहूबाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचं, मुलांना चढता येणार नाही असं कुंपण घाला आणि फाटकाला कुलूप लावा. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा वेळी जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे तपास अधिकारी आधी येतो. कंत्राटदार निघून गेला आहे, त्यामुळे ताबा आज तुमचा आहे.

मात्र धोका टाळायचा म्हणून पंप लावून टाकी रिकामी करू नका. टाकी उचलली गेली ती रिकामी होती म्हणूनच. रिकामं घमेलं पाण्यात दाबून धरलं आणि हात सोडला की ते वर येतं, तसंच इथे झालं. भूजलाची पातळी टाकीच्या तळापेक्षा जितकी वर जाते, तितका तळावर वरच्या दिशेने दाब येतो. दर मीटरला तो प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे एक टन असतो. तो दाब मोकळा करण्यासाठी तळात हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह बसवतात, खाली खडीचा थर देतात आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतात. आज आत साठलेलं पाणी टाकीला दाबून धरतं आहे. तुम्ही ते उपसलं आणि टाकी आणखी हलली, तर कंत्राटदार एका ओळीत उत्तर देईल: "नुकसान मालकिणीने केलं." पाणी किती ठेवायचं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा आणि त्याचं उत्तर लेखी घ्या.

त्याच इंजिनिअरकडून सविस्तर पाहणी अहवालही करून घ्या. तुमच्या दाव्याचा कणा हा अहवाल असेल. टाकीच्या चारही कोपऱ्यांच्या लेव्हल, भेगांची रुंदी आणि दिशा, शेजाऱ्यांच्या भिंतीपासून खोदाईचं अंतर आणि खोली, रिलीफ व्हॉल्व्ह बसवला आहे की नाही, सळईवरचं काँक्रीटचं आवरण, हे सगळं त्यात मोजमापांसह हवं. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे. काम त्यानुसार होतं का, यावर इंजिनिअरने स्पष्ट मत द्यावं. पाहणीच्या तारखेची आगाऊ लेखी सूचना कंत्राटदाराला द्या. तो आला तर उत्तम. आला नाही, तर "माझ्या पाठीमागे अहवाल केला" असं म्हणायला त्याला फारसा वाव राहत नाही.

फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचं बोलणं यांपैकी काहीही पुसू नका आणि तो फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, शिवाय त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंक-अक्षरी ठसा) नोंदवावी लागते. मूळ फोन हाताशी असला की हे काम सोपं जातं.

आता दुसऱ्या कंत्राटदाराबद्दल. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ (म्हणजे आपला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) याच्या कलम २० मध्ये २०१८ साली मोठा बदल झाला. समोरच्याने करार मोडला, तर तेच काम दुसऱ्याकडून करून घेऊन प्रत्यक्ष झालेला खर्च पहिल्याकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण त्याला अट आहे. आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते: अमुक काम अमुक मुदतीत करा. त्याने नकार दिला किंवा मुदत उलटून गेली, तरच दुसऱ्याला काम द्यायचं. शिवाय काम प्रत्यक्ष करून घेतल्यावरच खर्च मागता येतो, नुसत्या अंदाजपत्रकावर नाही. तुम्ही सोमवारी फोडाफोडी केलीत, तर या कलमाखालची वसुली तुमच्या हातातून जाईल आणि पुरावाही मलब्यात जाईल. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई तरीही मागता येईल, पण टाकीत नेमका काय दोष होता हे टाकीच नसताना सिद्ध करावं लागेल. भिंतीला टेकू देणं, उघडा खड्डा सुरक्षित करणं अशी तातडीची कामं मात्र ३० दिवस थांबवू नका. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय करू शकत होता, हेही न्यायालय पाहतं. ही कामं करा, आधी आणि नंतर फोटो काढा, पावत्या ठेवा.

"पाऊस माझ्या हातात नाही" या उत्तराने तुम्ही घाबरून जाऊ नका. पावसाळ्यात पाऊस पडणार आणि भूजल वर येणार, हे पूल बांधणाऱ्याने गृहीत धरायलाच हवं. दैवी आपत्तीचा बचाव साधारण माणसाला ज्याचा अंदाज येणंच शक्य नव्हतं अशा घटनेसाठी असतो. तो पावसाळ्याच्या तोंडावर रिकामी टाकी सोडून गेला, हाच तुमचा मुख्य मुद्दा ठेवा.

त्याच्या जादा बिलाला मात्र सरसकट "एक पैसा देणार नाही" असं उत्तर देऊ नका. कोटेशनबाहेरचं काम त्याने फुकट करण्याच्या इराद्याने केलेलं नसेल आणि त्याचा फायदा तुम्हाला मिळाला असेल, तर करार कायद्याच्या कलम ७० खाली तो मोबदला मागू शकतो. रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) जास्त लांब करायला तुम्हीच सांगितलं, असं तुमच्याच मेसेजमध्ये आहे. तेवढा भाग वेगळा काढा, त्याचं मोजमाप इंजिनिअरकडून घ्या आणि नोटिशीत लिहा की ही रक्कम अंतिम हिशेबात धरली जाईल. उरलेला हप्ता तुम्ही रोखून धरू शकता. आधी करायचं काम ज्याने केलं नाही, त्याला त्यानंतरचे पैसे मागता येत नाहीत, हे कलम ५४ चं सूत्र आहे. तडजोडीच्या भरात तो "काम समाधानकारक" असा कागद पुढे करेल. त्यावर सही करू नका.

शेजाऱ्यांच्या बाबतीत मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. "चूक कंत्राटदाराची आहे, त्याला विचारा" हे उत्तर त्यांना देऊ नका, कारण कायद्यात ते बहुधा टिकणार नाही. १८६८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात निकाल दिला. तिथेही पाण्याचा साठाच होता. मालकाने स्वतंत्र कंत्राटदारांकडून जलाशय बांधून घेतला आणि पाणी जुन्या खाणीच्या विहिरींतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नसतानाही भरपाई त्यालाच द्यावी लागली. तुमच्या भिंतीला अधिक जवळचा निकाल १८८१ चा डाल्टन विरुद्ध अँगस हा आहे. लागून असलेल्या जागेत कंत्राटदाराने खोदाई केली, आधार गेला, शेजारची इमारत कोसळली आणि काम देणारा जबाबदार ठरला. आपल्याकडे सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ७ शेजारच्या जमिनीला तिच्या नैसर्गिक अवस्थेत मिळणाऱ्या आधाराचं रक्षण करतं. जमिनीवरच्या बांधकामासाठी आधाराचा हक्क कलम १५ प्रमाणे २० वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळतो. म्हणून त्यांची भिंत किती जुनी आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती १० वर्षांपूर्वीची असली, तरी भिंतीलगत टेकूविना खोल खोदणं हा निष्काळजीपणा म्हणून त्यांच्या हातात उरतोच.

म्हणून शेजाऱ्यांच्या नोटिशीला मुदतीत, सौम्य भाषेत उत्तर द्या. "आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून" संयुक्त पाहणीला तयार आहोत आणि भिंतीला तात्पुरता आधार आमच्या खर्चाने देतो, असं लिहा. दोष कबूल करणारं वाक्य नको आणि झिडकारणारंही नको. स्वतः जाऊन भेटा. भिंत दुरुस्त करून देण्याचा खर्च मनाईहुकुमाच्या दाव्यापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी पडतो, आणि जो खर्च कराल तो कंत्राटदाराकडच्या मागणीत घालता येतो.

परवानगीचा मुद्दा तुम्ही पत्रात शेवटच्या दोन ओळींत उरकला आहे, पण तुमची सर्वात कच्ची बाजू तीच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकासकामाच्या व्याख्येत जमिनीच्या वरचं तसंच जमिनीखालचं बांधकामही येतं. "पाण्याच्या टाकीला परवानगी लागत नाही" हे कंत्राटदाराचं तोंडी आश्वासन तुम्हाला नगरपालिकेपुढे वाचवणार नाही. तिथे उत्तर मालकालाच द्यावं लागतं. आता आलंय ते विचारणेचं पत्र आहे. त्याला खरं उत्तर द्या आणि आर्किटेक्टमार्फत कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करा. कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस आलीच, तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि ती मुदत फार थोडी असते. मंजूर नकाशात सोडायला लावलेल्या अंतरात टाकी येत असेल, तर तेवढा भाग हलवण्याची मनाची तयारी ठेवा. परवानगी हातात येईपर्यंत नव्या कंत्राटदाराला काँक्रीट ओतू देऊ नका, कारण ते नवं उल्लंघन तुमच्या नावावर जमा होईल.

कंत्राटदाराला पाठवायच्या नोटिशीत स्पाचा वेगळा परिच्छेद हवा. कोटेशनमध्ये नुसतं "स्पा, १ नग" आहे आणि तुम्ही पाठवलेल्या नकाशात त्याच्या तळाशी एकच शोषण-जाळी (पंप जिच्यातून पाणी ओढतो ती) दिसते. एका पंपाला एकच जाळी असेल आणि ती अंगाने झाकली गेली, तर माणूस तिथेच ओढून धरला जातो. अमेरिकेत २००२ साली ७ वर्षांची एक मुलगी स्पामध्ये अशीच अडकून मरण पावली. तिच्या नावाने तिथे २००७ साली कायदा झाला आणि अडकू न देणारी झाकणं सक्तीची झाली. तेव्हा परस्परांपासून दूर दोन शोषण-मुखं, तशी झाकणं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), धातूच्या सर्व भागांचं अर्थिंग आणि पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देणारं नियंत्रण, या पाच गोष्टी नावानिशी मागा. कोटेशनमध्ये त्या शब्दशः नसल्या, तरी वापरायला सुरक्षित नसलेलं काम ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटीच ठरतं. टाइल्सच्या रंगावरून मात्र भांडू नका, त्याने मुख्य मुद्दा पातळ होतो.

दाद कुठे मागायची? माझ्या मते ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. कोटेशनमध्ये लवादाची अट आहे म्हणून थांबायचं कारण नाही. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात कायम केलं आहे. अडचण येऊ शकते ती एका गोष्टीची. "पुढे बंगला शनिवार-रविवार भाड्याने देता येईल" असं तुम्ही कंत्राटदाराला एका मेसेजमध्ये लिहिलं आहे. व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्याबाहेर जाते आणि त्याचा वकील तो मेसेज नक्की दाखवेल. आयोग प्रमुख हेतू पाहतो. घरच्यांसाठी, विशेषतः तुमच्या सासूबाईंच्या सांधेदुखीसाठी स्पा हवा होता, हे दाखवणारे डॉक्टरांचे कागद आणि सुरुवातीचे मेसेज आताच एकत्र करा. भाड्याची जाहिरात कुठे केली असेल, तर तक्रारीआधी मला सांगा. तसं असेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरू. तिथे करारभंगासाठी मुदत ३ वर्षांची आहे, आयोगात २ वर्षांची. मुदत मोजताना टाकी उचलल्याच्या तारखेवर विसंबू नका. कोटेशनमध्ये काम पूर्ण करण्याची जी तारीख आहे ती त्याआधीची आहे, म्हणून सुरक्षित हिशेब तिच्यापासून धरा.

३० दिवसांची नोटीस पोच देणाऱ्या स्पीड पोस्टने पाठवा. कोटेशनवरचा पत्ता आणि बिलावरचा पत्ता वेगळे आहेत, म्हणून दोन्हीकडे एकेक प्रत जाऊ द्या. तीच नोटीस ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका. इंजिनिअरचा अहवाल तिच्यासोबत जोडायचा आहे, म्हणून या आठवड्यातलं पहिलं काम त्याची वेळ ठरवणं.