वाचक विचारतात : मिठाचं गाव द्रोहोबिच

प्रश्न : पश्चिम युक्रेनमधल्या द्रोहोबिच शहराच्या मानचिन्हावर मिठाच्या नऊ ढेपा दिसतात. समुद्र इतका लांब असताना तिथं मीठ आलं कुठून?

उत्तर : जमिनीखालून. कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मिठाचे थर आहेत. झिरपणारं पाणी ते विरघळवतं आणि विहिरीत खारवणी जमते. आपल्या उरणच्या मिठागरात पाणी आटवायचं काम ऊन फुकटात करतं. द्रोहोबिचला थंडी आणि ढग, म्हणून लाकडाची धग. इथला मिठाचा कारखाना आपला जन्म 1250 सालचा सांगतो.

सगळं गणित खारवणीच्या ताकदीवर चालतं. आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट 10 लिटर खारवणीतून साधारण 3 किलो मीठ निघतं. तेवढ्याच मिठासाठी समुद्राचं पाणी 100 लिटरांहून जास्त आटवावं लागेल. विहिरीत पावसाचं गोडं पाणी शिरून खारवणीची ताकद निम्म्यावर आली, तर मीठ तेवढंच पण लाकूड दुपटीहून जास्त. त्यामुळे विहिरीच्या भिंती शाबूत राखणं हे मीठ काढण्याइतकंच मोठं काम.

खारवणी लोखंडी, पसरट, उथळ कढईत उकळतात. धग मोठी असली की दाणा बारीक पडतो, मंद आचेवर जाडा. तळाशी जिप्समचा कडक थर बसतो. तो वेळच्या वेळी खरवडला नाही तर उष्णता वर पोचत नाही, लाकूड वाया जातं आणि कढईचा पत्रा जळतो. दुसरी चूक लोभाची : कढई कोरडी होईस्तोवर आटवायची नसते. शेवटच्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरतात. ते मिठात राहिले तर मीठ ओलं पडतं. मीठ ओढून निथळायचं, ओलं असतानाच साच्यात दाबायचं आणि आगीजवळ सुकवायचं. अशी ढेप म्हणजे ‘तोप्का’. मानचिन्हावर आहेत त्याच या.

प्रश्न : मिठापलीकडे या शहराचं काय?

उत्तर : बरंच. इथल्या युरी कोतेर्माकनं 1481-82मध्ये इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचं रेक्टरपद (प्रमुखपद) भूषवलं. 1483 सालचं ज्योतिषभाकित सांगणारं त्याचं लॅटिन पुस्तक रोममध्ये छापलं गेलं. सेंट जॉर्जचं लाकडी चर्च 2013पासून जागतिक वारशात आहे : आडवे ओंडके कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांत बसवलेले, वर लाकडी फळ्यांची कौलं. हे चर्च मीठ देऊन दुसऱ्या गावातून आणलं, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, या गावाला ती शोभते! एकोणिसाव्या शतकात शेजारच्या बोरिस्लावला खनिज तेल लागलं आणि पैसा मिठाकडून तेलाकडे वळला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी शहरातले सुमारे 40 टक्के लोक ज्यू होते. चित्रकलेचे शिक्षक आणि पोलिश भाषेतले लेखक ब्रुनो शुल्झ त्यांतलेच. 19 नोव्हेंबर 1942 रोजी नाझी अधिकाऱ्यानं त्यांना इथल्याच रस्त्यावर गोळी घातली.

प्रश्न : ‘ड्रोगोबिच’ की ‘द्रोहोबिच’?

उत्तर : ‘ग’ हा रशियन उच्चार. युक्रेनियनमध्ये तिथं घोष ‘ह’ आहे, थेट आपल्या ‘हळद’मधला. आघात मधल्या ‘हो’वर.