'भावपूर्ण श्रद्धांजली' कुणाला?

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाने 'आज पहाटे आई गेली' असे कळवले आणि खाली सगळ्यांनी ओळीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले. हा वापर योग्य आहे का? शिवाय 'श्रद्धांजली' खरे की 'श्रध्दांजली'?

शब्द योग्य आहे, जागा चुकली आहे. अंजली म्हणजे ओंजळ. मराठी 'ओंजळ' त्याच शब्दातून आली. श्रद्धेने भरलेली ओंजळ वाहायची ती गेलेल्या माणसाला. वर्तमानपत्रातल्या निवेदनात, चौकातल्या फलकावर किंवा शोकसभेत ती शोभते, कारण तिथे आपण मृत व्यक्तीविषयी चारचौघांत बोलत असतो. ग्रुपवर मात्र बातमी मुलाने स्वतः दिलेली असते आणि उत्तरही तोच वाचत असतो. त्याला हवे असते सांत्वन, आणि श्रद्धांजलीत त्याच्यासाठी एकही शब्द नाही. 'कळून फार वाईट वाटलं. आईंना नमस्कार. संध्याकाळचा डबा आम्ही आणतो, चूल पेटवू नका' हे त्या ठिकाणी कितीतरी अधिक मराठी आहे. घाईत असाल तर 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत' एवढेही पुरे.

दुसरी अडचण श्रद्धेची. ती मोठ्यांविषयी असते. लहान मूल गेले, तर तिथे श्रद्धांजली कानाला खटकते आणि खटकायलाच हवी. सत्तरीच्या आजोबांनी शेजारच्या तरुण मुलाला श्रद्धांजली वाहणेही अवघडच वाटते. तिथे 'फार वाईट झालं' हे साधे वाक्यच खरे.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. श्रद्धांजली आपण वाहतो किंवा अर्पण करतो. 'श्रद्धांजली दिली' हे हिंदीतून आले आहे. 'भावभीनी श्रद्धांजली' हेही तसेच. मराठीत देतात ती तिलांजली. मृताला तीळमिश्रित पाणी देण्याचा तो विधी आणि त्यावरूनच एखादी गोष्ट कायमची सोडण्याचा वाक्प्रचार आला.

आता लेखन. श्रत् आणि धा मिळून 'श्रद्धा' झाली. पुढे ध आल्यामुळे त् चा द् झाला. म्हणून आधी द, मग हलन्त (पाय मोडण्याची खूण), मग ध. 'श्रध्दा' लिहिताना हा क्रम उलटतो. चूक होण्याचे कारण द्ध या जोडाक्षराच्या आकारात आहे: त्यात द वर असतो आणि ध खाली लोंबतो, त्यामुळे कोण आधी हे डोळ्याला कळत नाही. बुद्ध, सिद्ध, शुद्ध, प्रसिद्ध यांतही हाच क्रम ठेवा. शेवटची ली दीर्घ, कारण तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांचे अन्त्य इकार मराठीत दीर्घ लिहायचे हा 1962 च्या शासनमान्य नियमांतला नियम. तोच शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व राहतो. म्हणून 'पुण्यतिथी' दीर्घ, पण 'स्मृतिदिन' ऱ्हस्व.

'दुःखद' लिहिताना पुष्कळजण विसर्गाऐवजी इंग्रजी कीबोर्डवरचा अपूर्णविराम टाकतात. दिसायला सारखेच दिसते, पण संगणक त्याला विरामचिन्ह समजतो. मग शब्द शोधल्यास सापडत नाही. मराठी कीबोर्डवर विसर्गाची स्वतंत्र कळ असते, ती वापरा.

'मृतात्म्यास शांती लाभो' यावर नेहमी आक्षेप येतो की आत्मा अमर, मग मृत कसा? आक्षेप टिकत नाही. 'मृताचा आत्मा' असा त्याचा विग्रह आहे. खरी काळजी वेगळीच घ्यायला हवी. बौद्ध धम्म आत्मा मानत नाही, त्यामुळे बौद्ध कुटुंबाला आत्म्याच्या शांतीचा संदेश पाठवणे चुकीचे आहे. त्यांच्याकडे दिवंगताच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात, आणि नंतरच्या कार्यक्रमाला 'जलदान विधी' किंवा 'पुण्यानुमोदन' म्हणतात. निमंत्रण पुढे पाठवताना ते बदलून 'दशक्रिया' करू नका. 'कै.' म्हणजे कैलासवासी, तोही सरसकट चालत नाही. वारकरी घरात 'वैकुंठवासी', मुसलमानांसाठी 'पैगंबरवासी', ख्रिस्ती व्यक्तीसाठी 'ख्रिस्तवासी' हे मराठीत रुळलेले शब्द आहेत. घरची पद्धत ठाऊक नसेल तर 'दिवंगत' लिहा. व्युत्पत्तीने तोही 'स्वर्गी गेलेला'च, पण वापरात तो कुणा एका पंथाचा राहिलेला नाही. 'स्वर्गीय' टाळावा असे माझे मत आहे; मराठीत सूर स्वर्गीय असतात, माणूस स्वर्गवासी होतो.

फेसबुकवर आणखी एक घोटाळा दिसतो. खाते स्मृतिखाते करून घेतलेले नसेल तर गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाची आठवण मित्रांना जात राहू शकते आणि भिंतीवर 'शतायुषी व्हा' उमटते. कुटुंबाने मृत्यूचा पुरावा देऊन तशी विनंती केली की नावाशी 'रिमेंबरिंग' हा शब्द लागतो आणि त्या सूचना थांबतात. तारीख लक्षात असेल तर थोर व्यक्तीसाठी 'जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन' लिहावे, घरच्या माणसासाठी 'आज बाबांचा जन्मदिवस, आठवण येते'. जयंतीला श्रद्धांजली वाहू नये. 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनीही, बाबासाहेबांना 'अभिवादन'च रूढ आहे.

बातमी तुम्हालाच कळवायची असेल तर 'आज' आणि 'उद्या' हे शब्द कटाक्षाने टाळा. पुढे पाठवलेला संदेश तिसऱ्या दिवशीही फिरत असतो आणि लोक स्मशानभूमीत भलत्याच दिवशी पोचतात. वार, तारीख, वेळ, अंत्ययात्रा कुठून निघणार आणि एका नातेवाइकाचा फोन एवढे लिहा. तो नातेवाईक शोक करणाऱ्यांतला सर्वांत जवळचा नसावा. त्या दिवशी फोन उचलू शकेल असा असावा.